पडद्यावरची अक्षरे मराठी का नाहीत?

एखादी परदेशी मालिका किंवा चित्रपट डब होऊन ओटीटीवर आला, की आपल्याकडे ठरलेले भांडण जुंपते. एक बाजू सांगते, डबिंग म्हणजे नटाचा गळा कापणे आहे, ज्याला सिनेमा कळतो त्याने मूळ आवाज ऐकावा आणि खालची अक्षरे वाचावीत. दुसरी बाजू सांगते, दिवसभर राबून आलेला माणूस सिनेमा बघायला बसतो, वाचायला नाही, तुमची रसिकता तुमच्यापाशी ठेवा. दोन्हीकडचे लोक पोटतिडकीने बोलतात आणि दोन्हीकडे तथ्य आहे. पण या भांडणात एक साधा प्रश्न कोणी विचारतच नाही. ती खालची अक्षरे कोणत्या भाषेत असतात? जवळजवळ नेहमी इंग्रजीत. आणि डबिंग कोणत्या भाषेत असते? आपल्यापुरते बोलायचे तर हिंदीत. म्हणजे मराठी माणसाला खरी निवड करावी लागते ती हिंदी आणि इंग्रजी यांच्यात, आणि आपण मात्र कलेच्या शुद्धतेवर वाद घालत बसलो आहोत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जगभरातला सिनेमा, त्यातही जुना, अभिजात सिनेमा, मराठीत आला पाहिजे. चित्रपटांना आधी मराठी सबटायटल हवीत. मुलांच्या चित्रपटांना आणि लांबलचक मालिकांना चांगले मराठी डबिंगही हवे. हे झाले नाही, तर जपानचे कुरोसावा आणि ओझू, इटलीचे डी सिका, इराणचे किआरोस्तामी ही दिग्दर्शक मंडळी इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्या एका पातळ थरापुरतीच राहतील. आणि मग त्या थरातले आपणच तक्रार करू, की आपल्या प्रेक्षकाला अभिरुची नाही.

जानेवारी २०२० मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार घेताना बाँग जून-हो हा कोरियन दिग्दर्शक म्हणाला होता, की सबटायटलचा एक इंच उंचीचा अडथळा ओलांडलात तर कितीतरी उत्तम चित्रपटांची ओळख होईल. पुढच्याच महिन्यात त्याच्या ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या चित्रपटाला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे ते वाक्य जगभर गाजले. आपल्याकडचे सिनेमाप्रेमी आजही ते उठताबसता ऐकवतात. पण ते उद्देशून होते कोणाला? अमेरिकी प्रेक्षकाला, ज्याच्यासाठी खालची अक्षरे त्याच्याच मातृभाषेत येतात आणि तरी तो वाचायचा कंटाळा करतो. त्याच्यासाठी अडथळा खरोखरच एक इंचाचा आहे. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसासाठी तो किती इंचांचा आहे? आणि बाँग ते बोलला कोरियन भाषेत. शेजारी उभ्या असलेल्या दुभाषी बाईंनी ते इंग्रजीत सांगितले तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांना त्यांच्या भाषेत ते मिळाले होते.

२०११ च्या जनगणनेत पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे देशात दहापैकी एकाच्या आसपास होते. महाराष्ट्राचे प्रमाण त्याहून बरे धरले, तरी इंग्रजी ‘येणे’ आणि इंग्रजी सबटायटल वाचता येणे या गोष्टी वेगळ्या आहेत. एका वेळी दोन ओळी, प्रत्येकीत जास्तीत जास्त चाळीसेक अक्षरे, पडद्यावर टिकणार तीन ते सहा सेकंद. तेवढ्यात वाचायचे, अर्थ लावायचा आणि डोळे परत नटाच्या चेहऱ्याकडे न्यायचे. पुन्हा लगेच पुढची ओळ. ज्याला इंग्रजी वर्तमानपत्र सावकाश वाचता येते, त्याचीही इथे दमछाक होते. फिल्म सोसायटीच्या खेळांना मी हे वर्षानुवर्षे बघत आलो आहे. तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेच्या सभागृहात खेळ असतो. आयोजक सुरुवातीला उभा राहून कथा सांगतो, कारण त्याला माहीत असते की निम्म्या लोकांना ती पडद्यावरून कळणार नाही. दिवे मालवल्यावर मागच्या रांगेतून दबक्या आवाजात ‘काय म्हणाला?’ सुरू होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावातला शिंपी, बचत गटातल्या दोघी-तिघी, ही सगळी चोखंदळ माणसे. त्यांनी आयुष्यभर मराठीत उत्तम वाचलेले असते. मध्यंतरानंतर त्यातली काही उठून जातात, आणि ती का गेली याबद्दल आपण समजूत करून घेतो की सिनेमा संथ होता.

दूरदर्शनने तर या रोगाला राष्ट्रीय रूप दिले होते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागत. कन्नड, मल्याळम, बंगाली, असमिया, एकाहून एक सरस. खाली अक्षरे इंग्रजी. मराठी घरातल्या आजीला केरळातल्या आजीचे दुःख समजावे म्हणून मध्ये दुभाषी कोण बसवला, तर साहेबाची भाषा. त्याच पिढीला विचारा, त्या दुपारचे काय आठवते. चेहरे, पाऊस, वाडे आठवतात. संवाद फारच थोड्यांना सांगता येतील.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. नटाचा आवाज हा अभिनयाचा अर्धा भाग असतो, हे मला शंभर टक्के मान्य आहे. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’मधला (१९५४) नट तोशिरो मिफुने आठवा. गावकऱ्यांनी पळपुट्या सामुराईंना, म्हणजे लढवय्यांना, मारून त्यांची चिलखते दडवून ठेवली होती हे उघड होते, बाकीचे सामुराई संतापाने गोठून जातात, आणि मिफुनेचा किकुचियो उसळतो. शेतकरी काय साधुसंत वाटले तुम्हाला? लबाड आहेत, कंजूष आहेत, भात दडवतात, रडतात, खोटे बोलतात. पण त्यांना असे केले कोणी? तुम्ही! तुम्ही सामुराईंनी! लढाया तुमच्या, गावे जाळायची यांची, वेठीला धरायचे यांना, बायका पळवायच्या यांच्या. बोलता बोलता तो आवाज ओरडण्यातून फाटत जातो आणि शेवटी रडण्यात विरतो. किकुचियो स्वतःच शेतकऱ्याचे पोर आहे हे कोणी सांगण्याआधी तो आवाजच सांगून टाकतो. त्या जागी स्टुडिओत बसलेल्या माणसाचा गुळगुळीत आवाज बसवणे हा गुन्हाच आहे. म्हणून तर अभिजात चित्रपटांसाठी मी आधी सबटायटल मागतो. पण मूळ आवाजाचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्या आवाजाबरोबर जे शब्द आहेत ते इंग्रजीतच वाचले पाहिजेत हा नियम कुठून आला? आवाज जपानी राहू द्या, अक्षरे मराठी करा. यात कुरोसावाचे काय नुकसान होते?

आणि ‘मूळ आवाज’ ही कल्पनाही वाटते तितकी सोवळी नाही. ज्या इटालियन सिनेमाला आपण देव्हाऱ्यात बसवतो, तो युद्धानंतरची कित्येक दशके जवळजवळ सगळा नंतर डब केलेलाच आहे. दिग्दर्शक फेलिनी चित्रीकरणाच्या वेळी नटांना पुष्कळदा नुसते आकडे म्हणायला लावत असे, संवाद मागाहून भरायचे. ‘ला स्त्रादा’मधला (१९५४) अँथनी क्विन अमेरिकी आणि ‘द लेपर्ड’मधला (१९६३) बर्ट लँकेस्टरही अमेरिकीच. इटालियन आवृत्तीत त्या दोघांच्या तोंडून दुसऱ्याच माणसाचा आवाज येतो. आपल्या घरचे बघा. पडद्यावर एक नायिका आणि गळा लताबाईंचा, हे आपण पिढ्यानपिढ्या डोळ्यांत पाणी आणून ऐकले. श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांत बोलणारा आवाज तिचा नव्हता, तरी ती देशाची लाडकी झाली. आपल्याइतका उसन्या आवाजावर प्रेम करणारा प्रेक्षकवर्ग जगात क्वचितच असेल. मग परदेशी चित्रपटाच्या बाबतीतच आपल्याला एकाएकी शुद्धतेचा झटका का येतो?

जपानचीच गोष्ट घ्या. मूकपटांच्या काळात तिथल्या चित्रपटगृहांत पडद्याशेजारी ‘बेन्शी’ उभा राहायचा. तो कथा सांगायचा, सगळ्या पात्रांचे संवाद वेगवेगळ्या आवाजांत म्हणायचा आणि परदेशी चित्रपट आपल्या लोकांना आपल्या भाषेत समजावून द्यायचा. लोक काही बेन्शींच्या नावावर तिकिटे काढत. अकिरा कुरोसावाचा मोठा भाऊ हेइगो हा असाच बेन्शी होता, परदेशी मूकपटांसाठी नावाजलेला. बोलपट आले, बेन्शींची भाकरी गेली आणि १९३३ साली हेइगोने आत्महत्या केली. कुरोसावाला परदेशी सिनेमाचे वेड या भावाने लावले. ज्याच्या चित्रपटांचे पावित्र्य राखायला आपण सरसावतो, त्याने स्वतः जगाचा सिनेमा पाहिला तो आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाच्या सोबतीने. आपल्याकडच्या मूकपटांतही पडद्यावरच्या पाट्या दोन-तीन भाषांत असायच्या आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचे. बोलपट आल्यावर प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घडवला, ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. प्रेक्षकाच्या भाषेपर्यंत जाण्याचे कष्ट ही माणसे घेत होती. एकाच सेटवर तोच प्रसंग दोन भाषांत चित्रित करण्याचा खर्च त्यांना परवडत होता, आणि आज हजार-दीड हजार ओळी भाषांतरित करणे आपल्याला परवडत नाही?

डबिंगवरचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मी तो हलका करणार नाही. डबिंगच्या आडून सेन्सॉरशिप करता येते. मुसोलिनीच्या इटलीत आणि फ्रँकोच्या स्पेनमध्ये परदेशी भाषा पडद्यावर ऐकूच येऊ नये अशी सक्ती होती, आणि एकदा मूळ आवाज पुसला की वाटेल ते घुसडता येते. ‘मोगँबो’ या हॉलिवूडपटाच्या (१९५३) स्पॅनिश आवृत्तीत परपुरुषाच्या प्रेमात पडणारी विवाहिता नको म्हणून नवरा-बायकोला चक्क भाऊ-बहीण करून टाकले. परिणाम असा झाला की पडद्यावर भाऊ-बहीण फारच जवळिकीने वागताना दिसू लागले. हॉलिवूडचाच ‘कॅसाब्लांका’ १९५२ साली पश्चिम जर्मनीत दाखवला गेला तेव्हा त्यातले नाझी गायब होते. मेजर स्ट्रासर हा नाझी अधिकारी नाही, सुमारे २५ मिनिटांचा भाग नाही, आणि नाझींच्या छळछावणीतून निसटलेला व्हिक्टर लास्लो हा नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ व्हिक्टर लार्सन झालेला. जर्मन प्रेक्षकाला हे कळायला मार्गच नव्हता. तो अस्सल चित्रपट त्यांच्या भाषेत १९७५ मध्ये दूरचित्रवाणीवर आला.

पण हे घडू शकले कारण त्या काळी चित्रपटाची एकच प्रत गावात यायची. आज एकाच फाइलमध्ये दहा भाषांचे आवाज आणि वीस भाषांची अक्षरे शेजारी शेजारी राहतात. मराठी आवाज ऐकणारा बटण दाबून मूळ आवाजावर जाऊ शकतो. लबाडी झाली तर पकडता येते. उलट इंग्रजी सबटायटलच्या लबाड्या आपण कधी पकडतो? त्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की इंग्रजी म्हणजेच मूळ, असे आपण मनातल्या मनात धरून चालतो. जपानी, इराणी, रशियन, फ्रेंच चित्रपटांबद्दल मराठीत जे लिहिले जाते, त्यात पात्रांचे संवाद उद्धृत करताना लेखक बेधडक इंग्रजी वाक्य देतो. ते वाक्य कोणत्याही पात्राने उच्चारलेले नसते.

इथे ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’कडे (१९५३) थोडे थांबून बघण्यासारखे आहे, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचा निकाल त्या चित्रपटात लागतो. ओनोमिची या समुद्राकाठच्या गावातून म्हातारे नवरा-बायको टोकियोला मुलांकडे येतात. थोरला डॉक्टर, मुलगी पार्लर चालवणारी. दोघेही वाईट नाहीत, फक्त त्यांना वेळ नाही. आई-बापांची अडचण होऊ लागते तेव्हा दोघे मिळून पैसे काढतात आणि त्यांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून देतात. तिथल्या हॉटेलात रात्रभर गाणी आणि जुगाराचा कल्ला. म्हातारी माणसे दुसऱ्याच दिवशी परत येतात. पार्लरमध्ये कोणीतरी विचारते, हे कोण? मुलगी शिगे सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. आई-वडील वर चढून गेलेले, आणि खाली मुलगी त्यांना ओळखीचे म्हणते. या वाक्यावर मराठी घरातला कोणता माणूस आतून हलणार नाही? चाळीत, वन बीएचकेत, गावाहून आलेल्या आई-वडिलांची वळकटी कुठे ठेवायची हा प्रश्न ज्या समाजाने जगला, त्याला ओझू समजावून सांगायला समीक्षक लागत नाही. त्याला फक्त ते वाक्य त्याच्या भाषेत लागते.

याच चित्रपटात सासू विधवा सुनेच्या एका खोलीच्या घरात रात्री मुक्काम करते. मुलगा युद्धात जाऊन आठ वर्षे झालेली. त्याच्या अंथरुणावर सासू निजते आणि सुनेला म्हणते, तू पुन्हा लग्न कर. हा प्रसंग सगळा उभा आहे तो कोण कोणाशी किती आदराने, किती जवळिकीने बोलते यावर. सून नोरिको सासू-सासऱ्यांशी अदबीने बोलते आणि पोटची मुलगी फटकन. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांना एकच सर्वनाम. थोरला, धाकटा, सासू, मोलकरीण, सगळे एका पातळीवर. मराठीत ‘तू’ आहे, ‘तुम्ही’ आहे, ‘अहो’ आहे, ‘या’ आणि ‘ये’ मधला फरक आहे. जपानीच्या सगळ्या पायऱ्या मराठीत नाहीत, पण इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. फ्रेंच, रशियन, फारसी, बंगाली या भाषांतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. प्रेमात पडलेली दोन माणसे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येतात, हा कितीतरी फ्रेंच आणि रशियन चित्रपटांत कथेचाच टप्पा असतो, आणि इंग्रजीत तो नाहीसा होतो. म्हणजे मराठी सबटायटल इंग्रजी न येणाऱ्यांची तात्पुरती सोय म्हणून मागायची गोष्ट नाही. बऱ्याचदा ती मुळाच्या अधिक जवळ जाणारी असतील. ज्यांना इंग्रजी उत्तम येते त्यांनाही त्यांत नवा चित्रपट दिसेल.

‘बाजार नाही हो’ हे यावरचे सर्वांत व्यवहारी उत्तर. मराठी माणसाला हिंदी येते, मग वेगळा खर्च कशाला? ‘जुरासिक पार्क’ १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन चालला आणि तेव्हापासून हॉलिवूडचे मोठे चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत येऊ लागले. मराठीत नाही. आता आकडे बघा. २०११ च्या जनगणनेनुसार मातृभाषा मराठी सांगणारे ८.३० कोटी, तेलुगू ८.११ कोटी, तमिळ ६.९० कोटी. डोकी आपली जास्त. फरक आहे तो मागण्यात. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी. मुलांचे चित्रपट सोडले तर तिथे चित्रपटगृहात येणाऱ्या परदेशी चित्रपटाला डॅनिश अक्षरे असतातच, आणि ती असावीत का यावर चर्चा होत नाही. तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगले इंग्रजी येते, तरीही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावर महाराष्ट्र पेटून उठला आणि जूनअखेर सरकारला तो शासन निर्णय मागे घ्यावा लागला. मी त्या विरोधाच्या बाजूचा आहे. पण त्याच घरांत रात्री कोरियन मालिका हिंदीत लागते आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही. शाळेच्या वेळापत्रकातली भाषा आपल्याला दिसते, दिवाणखान्यातली दिसत नाही.

मराठी चित्रपट व्यवसायाच्या बाजूने येणारा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. आधीच मराठी चित्रपटाला खेळ मिळत नाहीत, प्राइम टाइमसाठी भांडावे लागते, त्यात मराठी बोलणारे हॉलिवूड आले तर आमचे काय? हीच भीती कर्नाटकात होती. साठच्या दशकात तिथल्या कलावंतांनी डबिंगविरुद्ध चळवळ केली. कन्नड नट राजकुमार त्यात अग्रभागी होते, आणि त्या काळी तान्ह्या असलेल्या कन्नड चित्रपटाला तिने हात दिला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे ती बंदी कायद्याशिवाय अर्धशतक चालली. २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ हा कार्यक्रमसुद्धा कन्नडमध्ये दाखवता आला नाही. शेवटी २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने ही अडवणूक बेकायदा ठरवून संबंधित संघटनांना दंड केला. मग कन्नड चित्रपट बुडाला का? त्यानंतरच ‘केजीएफ’ आणि ‘कांतारा’ आले आणि इतर भाषांत डब होऊनच देशभर पसरले. आपल्याकडे तर प्रश्न आणखी सोपा आहे. मराठीत डब झालेला परदेशी चित्रपट मराठी चित्रपटाची जागा घेणार नाही, तो हिंदीत डब झालेल्या त्याच चित्रपटाची जागा घेईल. डब चित्रपटाला मराठी चित्रपटाचे अनुदान, राखीव खेळ यांतले काहीही मिळू नये, एवढी अट घालावी. ती घालायलाच हवी. आणि डबिंगमधून मराठी नटांना, लेखकांना, ध्वनितंत्रज्ञांना काम मिळेल, हेही हिशेबात धरावे. ‘द जंगल बुक’ ही जपानी कार्टून मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली तेव्हा शेरखान बोलायचा नाना पाटेकरांच्या आवाजात. ती मालिका जपानी आहे हे त्या मुलांच्या गावीही नव्हते, पण त्या आवाजाची दहशत आज चाळिशीला आलेल्यांना विचारा. आपला एवढा ताकदीचा नट दुसऱ्या भाषेत मुलांना थरारून सोडतो आणि मराठी मुलांसाठी मराठीत ते कोणी करत नाही.

राहिला दर्जाचा प्रश्न. इथे मी विरोधकांच्या पुढे दोन पावले आहे. आज जे थोडेफार मराठी डबिंग आणि सबटायटल दिसते, त्यातले बरेच ऐकवत नाही. ‘मला मदत करा’ ऐवजी ‘माझी मदत करा’, हिंदीवरून उचललेले आणि वर मराठी प्रत्यय चिकटवलेले. भाषांतर इंग्रजीवरून हिंदीत आणि हिंदीवरून मराठीत अशा दोन उड्या मारून आलेले असते, किंवा यंत्राने केलेले. अशा मराठीपेक्षा नसलेले बरे असे कोणी म्हणाले तर मला राग येत नाही. पण वाईट भाषांतराचा उपाय चांगला भाषांतरकार हाच असतो. त्याला वेळ द्या, पैसे द्या, आणि पडद्यावर त्याचे नाव द्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर अनुवादकाचे नाव असते, सबटायटल लिहिणारा मात्र निनावी राहतो, आणि निनावी कामाची जबाबदारी कोणी घेत नाही. हे कौशल्याचे काम आहे. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, दोन ओळींना रोमनपेक्षा उंची जास्त लागते, फोनवर जोडाक्षरे चिकटतात. उलट ‘घरातल्यांनाही’ हा एक शब्द इंग्रजीचे चार शब्द वाचवतो. अशा तडजोडी जाणणारी माणसे तयार करावी लागतील. महाराष्ट्रात पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, गावोगावी भाषा विभाग असलेली महाविद्यालये आहेत. या तिन्हींनी एकमेकांकडे बघितले तरी पुष्कळ होईल.

भाषांतरावर पोसलेल्या आपल्या समाजाला हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला १८६७ मध्ये. आगरकरांचा ‘विकारविलसित’ १८८३ चा, देवलांचा ‘झुंजारराव’ १८९० चा. शेक्सपिअर वाचायचा तर आधी इंग्रजी शिका, असे तेव्हाच्या विद्वानांनी म्हटले असते तर मराठी रंगभूमी आज कुठे असती? मॉस्कोत बसून अनिल हवालदारांनी रशियन साहित्य मराठीत आणले. ती स्वस्त, जाड बांधणीची पुस्तके ज्या घरांत इंग्रजीचा कागद नव्हता त्या घरांत पोचली, आणि गॉर्की, चेखव्ह तिथल्या माणसांना शेजाऱ्यासारखे वाटू लागले. त्यांना कोणी म्हटले नाही की रशियन शिका, नाहीतर मुळाचा गंध हरवतो. गंध थोडा हरवतोच. पण पुस्तक घरात येते. १९५२ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ इथल्या पडद्यावर आला आणि आपल्या दिग्दर्शकांच्या एका पिढीची नजर बदलली. सायकल चोरीला गेल्याने रोजगार गमावणाऱ्या माणसाची ती गोष्ट ज्याची सायकल हेच भांडवल होते त्या गिरणगावातल्या माणसाला मात्र त्याच्या भाषेत कोणी दाखवली नाही. अजूनही दाखवलेली नाही.

केरळात २०१२ पासून एमसोन नावाचा चाहत्यांचा गट जगभरच्या चित्रपटांची मल्याळम सबटायटल करतो आहे. विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार अशा लोकांनी फावल्या वेळात हजारो चित्रपट आपल्या भाषेत आणले. मल्याळम बोलणारे साडेतीन कोटींच्या आत. त्या कामात स्वामित्वहक्काचे प्रश्न आहेत, ते सोडवले पाहिजेत. पण भूक खरी आहे हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, सत्कार झाले, कमानी लागल्या. त्या दर्जाच्या निमित्ताने जे काही पैसे आणि योजना येतील, त्यांतला एक लहानसा वाटा या कामाला द्यावा अशी मागणी फिल्म सोसायट्यांनी, साहित्य संस्थांनी आणि विद्यापीठांनी एकत्र येऊन करावी. महोत्सवांत मूळ प्रतीला हात न लावता पडद्याखाली वेगळ्या पट्टीवर स्थानिक भाषेतली अक्षरे दाखवता येतात, जगात कितीतरी ठिकाणी तसे होते. पुण्याच्या आणि गोव्याच्या महोत्सवांत एका विभागापासून सुरुवात करता येईल, गोव्यात कोकणीसह. ओटीटी कंपन्यांना ग्राहक म्हणून पत्रे लिहावीत, कारण तमिळ आणि तेलुगू प्रेक्षकाने मागितले म्हणून त्याला मिळाले. आणि निवड करायची झाली तर पहिल्या यादीत ‘टोकियो स्टोरी’ असावा, ‘बायसिकल थीव्ज’ असावा, ‘सेव्हन सामुराई’ असावा, आणि भाषांतराचे काम अशा लेखकांना द्यावे ज्यांना नाटकाचे संवाद लिहिण्याचा सराव आहे. शिगेचे ते एक वाक्य कसे लिहायचे, हे त्यांना बरोबर कळेल.